सोसायटीच्या बागेतील कीटक आणि मॅक्रो छायाचित्रण

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढी किंवा तिच्याहून मोठी असली, की त्या छायाचित्रणाला मॅक्रो म्हणतात. हे मोजण्यासाठी गुणोत्तर वापरतात. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. १:१ या गुणोत्तरात ३६ मिलिमीटर लांबीची वस्तू या सेन्सरवर टोकापासून टोकापर्यंत भरते. जास्वंदीच्या कळीवरचा मावा जेमतेम २ मिलिमीटरचा असतो. त्याच गुणोत्तरात तो चित्राच्या रुंदीचा केवळ अठरावा भाग व्यापतो. त्याने चित्राच्या रुंदीचा चौथा भाग तरी व्यापावा, अशी अपेक्षा असेल तर जवळपास ५:१ पर्यंत जावे लागते. मोबाइल आणि बरेच छोटे कॅमेरे ‘मॅक्रो’ हा शब्द सैलपणे, नुसत्या जवळच्या छायाचित्रासाठीही वापरतात. बागेत काम करताना मात्र हे गुणोत्तर पक्के ठाऊक असावे लागते. कोणता कीटक कोणत्या साधनाने टिपता येईल, किती प्रकाश लागेल आणि चित्राचा किती भाग स्पष्ट येईल, या तिन्ही गोष्टी त्यावरच ठरतात.

लहान जीव मोठा करून पाहण्याची ओढ कॅमेऱ्याहून बरीच जुनी आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पिसवेचे मोठे चित्र छापले आणि कीटकाच्या अंगावरचे केस व सांधे सामान्य वाचकाला स्पष्ट दिसले. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी खास जवळच्या चित्रणाचे भिंग १९५५ मध्ये किलफिट कंपनीने ‘मॅक्रो-किलार’ या नावाने आणले. १९९९ मध्ये कॅननने १:१ पासून ५:१ पर्यंत जाणारे ६५ मिलिमीटरचे भिंग बाजारात आणले. आज साध्या मोबाइलवर लावायची चिमट्याची भिंगेही काही शे रुपयांत मिळतात. त्यामुळे या विषयातली खरी अडचण आता साधनांची उरलेली नाही. कीटक कुठे असतो, केव्हा स्थिर बसतो आणि काय खातो, हे ज्याला कळते त्याच्या हाती चांगले चित्र लागते.

बेव्हर्ली पार्कचा परिसर

सोसायटीच्या बागेचे उदाहरण म्हणून बेव्हर्ली पार्क घेऊ. ही मीरा रोडच्या पूर्व भागातली दाट वस्तीची वसाहत. तिथे जंगल नाही. इमारतींच्या आवारातल्या छोट्या बागा, कुंपणालगतची झुडपे, रस्त्याकडेची झाडे आणि गॅलरीतल्या कुंड्या एवढीच हिरवाई आहे. पण मीरा-भाईंदर शहराच्या भोवती निसर्गाचे वेगवेगळे पट्टे आहेत. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा, मध्ये खारफुटी आणि मिठागरे, आणि पूर्वेला काशीमिऱ्याच्या पलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. उडणाऱ्या कीटकांना हे अंतर फार नाही. जंगलाच्या कडेने वाढणारी फुलपाखरे, खाडीकडचे चतुर आणि टाचण्या, दिव्याकडे येणारे पतंग शहरातल्या बागांपर्यंत पोचतात. त्यांना तिथे योग्य झाड मिळाले तर ती अंडीही घालतात.

याच भागात, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ओवळा येथे राजेंद्र ओवळेकर यांनी उभी केलेली फुलपाखरांची बाग हे याचे चांगले उदाहरण आहे. तिथे फुलपाखरांना पिंजऱ्यात ठेवलेले नाही. अळ्यांना लागणारी खाद्यवनस्पती आणि मोठ्या फुलपाखरांना लागणारी मधाची झाडे लावली, की फुलपाखरे आपणहून येतात, या तत्त्वावर ती बाग चालते. सोसायटीच्या पंधरा-वीस कुंड्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. म्हणून मॅक्रो छायाचित्रणाची पहिली तयारी झाडांच्या ओळखीपासून होते.

कोणत्या झाडावर काय शोधावे

जास्वंद हे सोसायटीच्या बागेतले सर्वांत समृद्ध झाड. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आणि बोंडांजवळ लाल-काळे ढेकण्ये दिसतात. मावा पिलांना जन्म देताना अनेकदा भिंगाखाली सापडतो, कारण त्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता थेट पिले जन्माला घालतात. मावा चिकट गोड द्रव सोडतो आणि मुंग्या आपल्या मिशांनी त्याला थोपटून तो द्रव मिळवतात. त्याच शेंड्यावर मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे, त्यांच्या काळसर लांबट अळ्या, सिरफिड माशीच्या पारदर्शक अळ्या आणि बारीक रेशमी दांड्याच्या टोकावर उभी असलेली क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची अंडी आढळतात. काही मावे फुगलेले, तपकिरी आणि निश्चल दिसतात. त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते आणि पूर्ण वाढ झाल्यावर ती माशी गोल भोक पाडून बाहेर पडते. एका वितीच्या फांदीवर अन्नसाखळीचे इतके दुवे एकत्र मिळत असल्याने शिकणाऱ्याने सुरुवात जास्वंदीपासून करावी.

कढीपत्ता आणि लिंबू यांवर लिंबाच्या फुलपाखराच्या आणि कॉमन मॉर्मनच्या अळ्या असतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळ्या-पांढऱ्या दिसतात, मोठ्या झाल्यावर पानासारख्या हिरव्या होतात. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेला उग्र वासाचा अवयव बाहेर काढतात. तगर आणि कण्हेर यांवर ओलिएंडर हॉक पतंगाची जाड हिरवी अळी मिळते, तिच्या अंगावर पुढच्या बाजूला डोळ्यासारखे दोन निळसर ठिपके असतात. पानफुटीच्या मांसल पानात रेड पिअरो या छोट्या फुलपाखराची अळी चक्क पान पोखरून आत राहते. पानावर फिकट, पोकळ डाग दिसला की ती आत आहे असे समजावे. अशोकाच्या उंच झाडांवर टेल्ड जे या चपळ हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले, तर ते पान कापणाऱ्या मधमाशीचे काम असते. घरट्याला अस्तर लावण्यासाठी ती हे तुकडे नेते.

लागवड नसलेली झाडेही तितकीच महत्त्वाची. कुंपणाबाहेर उगवलेल्या रुईवर काळ्या पायांच्या पिवळ्या माव्याची गर्दी आणि प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या असतात. पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्यावर पिवळी छोटी फुलपाखरे अंडी घालतात. एकदांडीच्या पांढऱ्या-पिवळ्या फुलांवर नखाएवढी निळी फुलपाखरे आणि रानमाश्या सतत येत असतात. ‘तण’ म्हणून हे सगळे उपटले गेले, की बागेतले निम्मे विषय जातात.

आंबा, जांभूळ अशा झाडांवर कोकणात ओंबील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल विणकर मुंग्या पाने जोडून घरटी करतात. पाने शिवायला लागणारा धागा त्यांच्या अळ्या देतात आणि कामकरी मुंग्या त्या अळ्या जबड्यात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात. या मुंग्यांच्या आसपास त्यांच्यासारखाच दिसणारा एक कोळीही वावरतो. तो पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून चालतो. चित्र मोठे करून पाय मोजले, की फरक कळतो. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. माशी आणि तिच्यासारखी दिसणारी मधमाशी यांतला फरकही असाच मोजून कळतो. माशीला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन.

ऋतू आणि वेळ

मुंबई परिसरात मोसमी पाऊस साधारणपणे ११ जूनच्या आसपास पोचतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परततो. पहिल्या पावसानंतर कोवळी पालवी फुटते आणि ती खाणाऱ्या अळ्या, नाकतोड्यांची पिले, तुडतुडे यांची संख्या झपाट्याने वाढते. धो-धो पावसात काम अवघड असते, पण दोन सरींमधल्या उघडिपीत कीटक पानांच्या खालच्या बाजूने बाहेर येतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन महिने सर्वांत चांगले, कारण हिरवाई टिकून असते, फुले भरपूर असतात आणि पाऊस कमी झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत संख्या घटते, पण पहाटेच्या गारव्यात कीटक सुस्त असतात आणि कधी त्यांच्या अंगावर दवाचे थेंबही मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी घातलेल्या कुंड्या हाच बहुतेक कीटकांचा आसरा असतो.

कीटकांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे बदलते. त्यामुळे सूर्योदयानंतरचा पहिला तास त्यांच्याजवळ जाण्यासाठी उत्तम. ऊन चढले की त्यांच्या हालचाली वेगवान होतात. संध्याकाळही उपयोगी असते. निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीचे नर सूर्यास्ताच्या सुमारास एखाद्या वाळक्या काडीवर येतात, जबड्याने काडी घट्ट धरतात आणि तशाच अवस्थेत रात्र काढतात. अनेकदा ते एकाच काडीवर ओळीने झोपतात आणि दुसऱ्या दिवशीही त्याच जागी परततात. दिवसा या माशीचे चित्र घेणे फार कठीण, पण झोपेची काडी माहीत असेल तर तेच काम सोपे होते.

भिंगे आणि जोडसाधने

सरळ मार्ग म्हणजे खास मॅक्रो भिंग. त्यात ६० आणि १०० मिलिमीटर या दोन लांब्या जास्त वापरल्या जातात. दोन्ही १:१ पर्यंत जातात, पण लांब भिंगाला कीटकापासून अधिक दूर राहता येते. १०० मिलिमीटरच्या भिंगाचे टोक १:१ वर कीटकापासून साधारण १४-१५ सेंटीमीटर अंतरावर असते. फुलपाखरे आणि चतुर यांच्यासाठी हे अंतर मोलाचे ठरते. मुंगी, मावा किंवा अळी यांच्यासाठी लहान भिंगही पुरते.

कमी खर्चात मोठेपणा वाढवण्याचे तीन उपाय आहेत. पहिला, कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे पोकळ नळ्या लावणे. ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगामागे ५० मिलिमीटर लांबीच्या नळ्या लावल्या, की सुमारे १:१ मिळते. नळीत काच नसल्याने चित्राची प्रत भिंगावरच अवलंबून राहते. दुसरा उपाय भिंगाच्या पुढे जोडायच्या क्लोज-अप काचेचा. तिची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. भिंगाची लांबी मिलिमीटरमध्ये घेऊन तिला डायॉप्टरने गुणायचे आणि १००० ने भागायचे, म्हणजे अंदाजे गुणोत्तर मिळते. २०० मिलिमीटरच्या झूमवर ८ डायॉप्टरची काच लावल्यास ते १.६:१ होते. रेनॉक्सची डीसीआर-२५० ही याच शक्तीची काच असून हौशी छायाचित्रकारांमध्ये ती लोकप्रिय आहे. तिसरा उपाय भिंग उलटे बसवण्याचा. १०० मिलिमीटरच्या भिंगावर ५० मिलिमीटरचे भिंग उलटे जोडले तर २:१ मिळते. जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे हाताने अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) फिरवायचे भिंग या कामाला योग्य असते.

मोबाइलने सुरुवात करणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. काही नव्या मोबाइलचा अतिरुंद कॅमेरा २ सेंटीमीटर अंतरावरही फोकस करतो, आणि चिमट्याचे भिंग लावले तर आणखी बारीक जीव टिपता येतो. मोबाइलचा सेन्सर छोटा असल्याने चित्राचा जास्त भाग स्पष्ट येतो, हा फायदाच आहे. मोबाइल कीटकाच्या अगदी जवळ न्यावा लागतो आणि त्याची सावली पडते, ही त्याची मर्यादा. म्हणून मोबाइलसाठी अळ्या, अंडी, मावा, पिठ्या ढेकूण, झोपलेल्या माश्या असे स्थिर विषय निवडावेत.

स्पष्टतेची खोली

मॅक्रोमधली सर्वांत मोठी अडचण म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, अर्थात चित्रात स्पष्ट येणाऱ्या भागाची जाडी. गुणोत्तर वाढते तशी ती झपाट्याने कमी होते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, १:१ गुणोत्तरात, अ‍ॅपर्चर एफ/२.८ असताना ही जाडी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असते. अ‍ॅपर्चर एफ/११ पर्यंत लहान केले की ती सुमारे १.३ मिलिमीटर होते. गुणोत्तर २:१ केले तर एफ/११ वरही ती अर्ध्या मिलिमीटरवर येते. घरमाशीच्या डोळ्यापासून तिच्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर याच्या कितीतरी पट असते.

मग अ‍ॅपर्चर एफ/३२ पर्यंत लहान का करू नये? त्याला प्रकाशाचा स्वभाव आड येतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. जवळच्या चित्रणात भिंगावर दिसणारा एफ-आकडा आणि प्रत्यक्ष परिणाम यांत फरक असतो. १:१ वर एफ/११ हा प्रत्यक्षात एफ/२२ सारखा वागतो. त्या वेळी प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर सुमारे ०.०३ मिलिमीटर रुंदीचा होतो आणि बारीक तपशील हरवू लागतात. म्हणून १:१ वर एफ/८ ते एफ/१३, आणि त्याहून मोठ्या गुणोत्तरात एफ/५.६ ते एफ/८ हा व्यवहार्य पट्टा ठरतो.

स्पष्टतेची जाडी एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही, पण ती कुठे पडावी हे ठरवता येते. फुलपाखराचे मिटलेले पंख, अळीची कूस किंवा चतुराचे शरीर सेन्सरला समांतर ठेवले, तर पातळ पट्ट्यातही पूर्ण जीव बसतो. समोरून चित्र घेताना डोळे स्पष्ट असायलाच हवेत, बाकीचे शरीर धूसर झाले तरी चालते. या अंतरावर ऑटोफोकस गोंधळतो. त्यामुळे गुणोत्तर ठरवून भिंगाचा फोकस स्थिर ठेवतात आणि स्वतः किंचित पुढे-मागे होत डोळा स्पष्ट दिसताक्षणी बटण दाबतात. कोपर गुडघ्यावर किंवा कुंडीच्या कडेवर टेकवल्यास हात स्थिर राहतो. ज्या फांदीवर कीटक आहे तीच फांदी डाव्या हाताने धरून त्याच हातावर भिंग टेकवले, तर वाऱ्याने फांदी आणि कॅमेरा एकत्रच हलतात आणि फोकस टिकतो.

प्रकाश

एफ/११ आणि १:१ या जोडीत सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश, त्याच अ‍ॅपर्चरवर दूरची वस्तू टिपताना पोचणाऱ्या प्रकाशाच्या एक चतुर्थांश असतो. त्यात हाताचा कंप आणि पानाची हालचालही तेवढ्याच पटीने मोठी दिसते. पावसाळी आभाळाखाली, इमारतींच्या सावलीत नैसर्गिक प्रकाश अपुरा पडतो. म्हणून बहुतेक मॅक्रो छायाचित्रकार फ्लॅश वापरतात. कमी शक्तीवर ठेवलेल्या फ्लॅशचा झोत सुमारे १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो, त्यामुळे हालचाल गोठते. सुरुवातीला शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० आणि फ्लॅश हाताने १/१६ शक्तीवर, असे मापन ठेवून पुढे गरजेप्रमाणे बदल करावेत.

फ्लॅश उघडा मारला तर भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो आणि तिथला रंग नाहीसा होतो. यासाठी डिफ्यूजर लागतो. ट्रेसिंग पेपर, पातळ पांढरा फोम किंवा दुधी प्लास्टिकचा पडदा फ्लॅश आणि कीटक यांच्यामध्ये धरायचा. पडदा कीटकाच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका प्रकाश मऊ. घरीच पुठ्ठ्याची नळी करून आत चंदेरी कागद चिकटवला आणि तोंडाशी दुहेरी ट्रेसिंग पेपर लावला, तर बाजारातल्या महाग डिफ्यूजरइतकेच काम होते.

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. कीटक उजळतो, पण मागचे अंगण काळे पडते. ज्याला दिवसाची बाग दिवसासारखीच दाखवायची आहे त्याने कीटकाच्या मागे जवळच एखादे पान येईल असा कोन घ्यावा. आयएसओ वाढवून आभाळाचा थोडा प्रकाश मिसळणे हाही उपाय आहे.

कीटकाजवळ जाताना

कीटकांचे संयुक्त डोळे हालचाल फार चटकन टिपतात. एकदम केलेली हालचाल आणि अंगावर पडलेली सावली या दोनच गोष्टींनी बहुतेक कीटक उडतात. सूर्य कुठे आहे ते पाहून, सावली दुसऱ्या बाजूला पडेल असे, खाली वाकून सावकाश पुढे सरकावे. पहिले चित्र दुरून घ्यावे, मग थोडे जवळ जाऊन दुसरे. कीटक उडाला तरी नोंदीपुरते एक चित्र हाती राहते. चतुर आणि टाचणी ठराविक काडीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतात. त्यांचा पाठलाग करण्यापेक्षा काडीजवळ कॅमेरा तयार ठेवून थांबणे फलदायी.

खाण्यात, मीलनात किंवा अंडी घालण्यात गुंतलेला कीटक लवकर उडत नाही. दुर्गंधी ढेकणाची मादी पानाखाली नीटस ओळीत अंडी घालते, ती बहुधा १४ किंवा २८ असतात. त्या जागेवर रोज लक्ष ठेवले, तर पिले बाहेर पडण्याची वेळ साधता येते. उडी मारणारा छोटा कोळी मात्र उलट वागतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे मधले दोन मोठे असून त्यांनी तो भिंगाकडे वळून पाहतो. प्रार्थना कीटकाच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि कॅमेरा हलवला तर तो ठिपकाही सोबत सरकल्यासारखा वाटतो. ती बाहुली नसते. डोळ्याचे जे घटक अगदी समोर असतात ते प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो.

फोकस स्टॅकिंग

एका चित्रात मावत नाही ती स्पष्टता अनेक चित्रांतून मिळवण्याच्या पद्धतीला फोकस स्टॅकिंग म्हणतात. प्रत्येक चित्रात फोकस किंचित पुढे सरकवत मालिका घेतली जाते आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एकच चित्र तयार होते. १:१ च्या आसपास झोपलेली माशी किंवा स्थिर अळी टिपायला हातात धरून घेतलेली दहा-पंधरा चित्रे पुरतात. मोठ्या गुणोत्तराला स्टँड आणि स्क्रूने सरकणारी पट्टी लागते. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील कीटकांची ‘मायक्रोस्कल्प्चर’ ही मालिका २०१६ मध्ये सादर केली. त्यातील एकेक चित्र हजारो छायाचित्रे जोडून घडवलेले आहे. ते नमुने संग्रहालयातले, हालचाल न करणारे होते. जिवंत कीटकाच्या बाबतीत त्याने मिशी हलवली, की मालिका फुकट जाते. त्यामुळे बागेत थोड्या चित्रांची, चटकन संपणारी मालिकाच योग्य.

रात्रीचे पतंग

फुलपाखरांच्या तुलनेत पतंगांच्या जाती कितीतरी जास्त आहेत, पण त्या बहुधा रात्री फिरतात. गॅलरीत किंवा गच्चीवर पांढरी चादर ताणून तिच्यापुढे दिवा लावला, तर पतंग, छोटे भुंगेरे, तुडतुडे आणि क्रायसोपा तिच्यावर येऊन बसतात. ढगाळ, वारा नसलेली आणि चंद्र नसलेली रात्र सर्वांत चांगली. जांभळ्या-अतिनील प्रकाशाच्या दिव्याकडे कीटक जास्त येतात, मात्र अशा दिव्याकडे टक लावून पाहू नये. दोन-तीन तासांनंतर दिवा बंद करावा, नाहीतर पतंग खाण्या-अंडी घालण्याऐवजी रात्रभर चादरीवर अडकून पडतात आणि पाली त्यांचा फडशा पाडतात. दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास जगभर पतंग सप्ताह पाळला जातो. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारतातले निरीक्षकही भाग घेतात.

कीटकांची आणि साधनांची काळजी

चांगल्या चित्रासाठी कीटकाला फ्रिजमध्ये गार करणे, डिंकाने चिकटवणे किंवा धाग्याने बांधणे हे प्रकार टाळलेच पाहिजेत. असा कीटक दुखावतो किंवा मरूही शकतो, आणि चित्रातली त्याची बैठकही अनैसर्गिक असते. अंडी किंवा कोष असलेले पान तोडू नये. बाजूला केलेली फांदी काम झाल्यावर पुन्हा पूर्वीसारखी करावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचींमध्ये काही फुलपाखरे आणि भुंगेरेही आहेत, त्यामुळे नमुने गोळा करणे कायद्यानेही अडचणीचे ठरू शकते. बागेत सरसकट कीटकनाशक फवारले, की माव्याबरोबर त्याला खाणारे लेडीबर्ड आणि क्रायसोपाही मरतात. मावा लवकर वाढतो आणि त्याचे शत्रू मागे राहतात. एक-दोन झुडपे फवारणीशिवाय राखली, तर बाग आणि छायाचित्रण दोन्ही टिकतात.

कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगांच्या काचांवर बुरशी चढते. ती आत पसरली की काच कायमची खराब होऊ शकते. पावसाळ्यात भिंगे चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद ठेवू नयेत. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा स्वस्त आणि पुरेसा असतो. जेलचे दाणे ओलावा शोषून रंग बदलतात, तेव्हा ते तापवून पुन्हा वापरता येतात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आल्यास काचेवर बाष्प जमते, म्हणून पिशवी बंदच ठेवून कॅमेऱ्याला थोडा वेळ बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी.

चित्रातून नोंद

मॅक्रो चित्राला तारीख, वेळ, ठिकाण आणि वनस्पतीचे नाव जोडले, की ते नोंद बनते. ओळख पटण्यासाठी एकच सुंदर चित्र पुरत नाही. पाठीची बाजू, कूस, चेहरा आणि ज्या पानावर तो बसला त्या पानाचे चित्र, अशी निदान चार छायाचित्रे घ्यावीत. शक्य असल्यास बाजूला मोजपट्टी धरून एक चित्र घ्यावे. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि आय-नॅचरलिस्ट यांवर अशा नोंदी टाकल्या, की जाणकार ओळख पटवायला मदत करतात. फुलपाखरांसाठी आयझॅक किहीमकर यांचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २००८ मध्ये प्रकाशित केलेले पुस्तक उपयोगी आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या वस्तीत लिंबाचे झाड लावणाऱ्याने त्याच्या अळ्यांवर लक्ष ठेवावे.

या नोंदींचा व्यवहारात थेट उपयोगही आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास आणि त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस साध्या नजरेला सारखेच काळे-पांढरे दिसतात. मॅक्रो चित्रात पहिल्याच्या पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण दिसते, तर दुसऱ्याच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ. सोसायटीच्या कुंडीखालच्या ताटलीत कोणता डास वाढतो आहे, हे अशा चित्राने कळते.

दाट वस्तीच्या परिसरातही विज्ञानाला अपरिचित जीव असू शकतात. २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात हल्लेखोर कसाबला पकडताना प्राण गमावलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला इशियस तुकारामी हे नाव देण्यात आले. नवी जात सिद्ध करायला केवळ छायाचित्र पुरत नाही. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ज्ञात जातींशी ताडून पाहावा लागतो. पण कुठे काय शोधायचे, याचा पहिला धागा अनेकदा एखाद्या हौशी माणसाच्या स्पष्ट, तारीख लिहिलेल्या चित्रातून मिळतो.

एकाच बागेची वर्षभराची मालिका अशा सुट्या चित्रांहून अधिक काही सांगते. रुईवर पिवळा मावा कोणत्या महिन्यात येतो, त्यानंतर किती दिवसांनी लेडीबर्ड येतात, पावसाला उशीर झाल्यास टाकळ्यावरची फुलपाखरे केव्हा दिसतात, या प्रश्नांची उत्तरे एका चित्रात नसतात. ती तारखांच्या ओळीत असतात. त्यासाठी महाग भिंगाहून नियमितपणा जास्त लागतो. बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतीत राहणाऱ्याला तो साधणे सोपे आहे, कारण त्याचे निरीक्षणक्षेत्र जिना उतरताच सुरू होते. तीच झाडे, त्याच फांद्या, दर आठवड्याला एकदा, त्याच वेळी पाहणे एवढाच नियम पाळला, तर दोन-तीन वर्षांत त्या बागेतील कीटकांची विश्वासार्ह सूची आणि त्यांच्या ऋतुचक्राचे कोष्टक तयार होते.